मनातल्या वाड्यात कोण कोण राहतं?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाचा पीयूसी दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला. फिजिक्समध्ये तो राहिला होता. मोबाइलवर निकाल बघून त्याने फोन माझ्यापुढे धरला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या हातून आयुष्यात काही म्हणजे काही व्हायचं नाही!"

तो काही बोलला नाही. चप्पल पायात सरकवली आणि बाहेर पडला. फोन घरीच. एक तास गेला, दोन गेले. दिवेलागण झाली. हे बसस्टँडकडे गेले, मी पदर खोचून रेल्वे स्टेशनकडे. फलाटाच्या पार टोकाच्या बाकावर तो बसला होता. मला बघून म्हणाला, "आई, घाबरू नकोस. नुसता बसलो होतो."

मी विश्वास ठेवला. पण रात्रभर डोळा लागला नाही.

पहाटे कधीतरी लक्षात आलं की ते वाक्य माझं नव्हतंच. ते माझ्या वडिलांचं, बापूंचं होतं. सातवीत गणिताचा पेपर घेऊन घरी आले होते तेव्हा त्यांनी मला हेच सुनावलं होतं, शब्दाला शब्द. मी शिक्षिका आहे. वर्गात कधी कुणा लेकराला असं बोलले नाही. मग माझ्या घशात बसून हे कोण बोललं?

लातूरच्या बाईंचा प्रश्न

एका मैत्रिणीच्या ओळखीने लातूरच्या एका समुपदेशक बाईंकडे गेले. वाटलं होतं, त्या राग आवरण्याचे उपाय सांगतील. त्यांनी विचारलं, "ती ओरडणारी तुमच्या अंगात कुठे बसते?"

मी म्हटलं, "गळ्यात."

"तिला घालवू नका. तिला विचारा, तू ओरडली नाहीस तर काय होईल अशी भीती वाटते तुला?"

मला हसूच आलं. पण डोळे मिटून बसले, आणि उत्तर आलं. "मी ओरडले नाही तर पोरगं वाया जाईल, आणि सगळे म्हणतील, हिलाच काही जमत नाही." म्हणजे ती ओरडत होती मुलावर, पण राखण करत होती माझी!

बाईंनी मग समजावून सांगितलं. या पद्धतीचं मराठीत सोपं नाव द्यायचं तर 'मनातलं कुटुंब'. अमेरिकेतले रिचर्ड श्वार्ट्झ हे मूळचे कुटुंबांवर उपचार करणारे तज्ज्ञ. 1980 च्या दशकात त्यांच्याकडे खाण्यापिण्याच्या विकारांनी त्रस्त तरुण मुली यायच्या. "माझा एक भाग म्हणतो खा, दुसरा म्हणतो लाज वाटू दे," असं त्या सांगायच्या. श्वार्ट्झना वाटलं, घरातल्या माणसांची भांडणं आपण समोरासमोर बसवून सोडवतो, तशी आतल्यांची का नाही? त्यातून ही पद्धत उभी राहिली. 1995 साली तिच्यावर त्यांचं पुस्तक आलं.

त्याआधी एरिक बर्न या डॉक्टरांनी माणसाच्या आतला पालक, प्रौढ आणि बालक असे तीन भाग सांगितले होते. 1964 सालचं त्यांचं पुस्तक जगभर गाजलं. बापूंचं वाक्य माझ्या तोंडून आलं, तो बर्न यांचा 'पालक'.

श्वार्ट्झ यांचं म्हणणं आपल्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यासारखं आहे. वाड्यात काही कारभारी असतात. लोक काय म्हणतील, काम वेळेत होतंय का, चूक होऊ नये, ही सगळी काळजी त्यांची. काही आग विझवणारे असतात. दुःखाचा भडका उडाला की ते धावत येतात आणि मिळेल ते ओततात. कुणी संताप ओततो, कुणी दारू, कुणी रात्रभर मोबाइल. आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत कोंडलेली लेकरं असतात, जुना अपमान आणि जुनी भीती उराशी धरून. कारभारी आणि आग विझवणारे यांची सगळी धडपड ती खोली उघडू नये म्हणून. आणि या सगळ्यांच्या पलीकडे प्रत्येकाच्या आत एक शांत, समजूतदार कर्ता माणूस असतो. गलबल्यात त्याचा आवाज ऐकू येत नाही, एवढंच. तो पुढे आला की बाकीचे सैल होतात. या घरात वाईट कुणीच नाही. प्रत्येकाने कधीतरी, लहानपणीच, एक जबाबदारी उचललेली असते आणि ती खाली कशी ठेवायची हे त्याला ठाऊक नसतं.

मनाशी बोलणं आपल्याला नवं नाही. समर्थांनी मनालाच उद्देशून 205 श्लोक लिहिले. आपल्याच जिल्ह्यातल्या कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांनी मनाला फांदीवरून फांदीवर उड्या मारणाऱ्या माकडाची उपमा दिली. पण आपल्याला सवय मनाला उपदेश करण्याची. बाईंनी मला सांगितलं ते मनाचं ऐकून घ्यायला.

खोलीतली पोर कानडी बोलायची

तिसऱ्या भेटीत त्या मागच्या खोलीपर्यंत पोहोचलो. फ्रॉक घातलेली, हातात गणिताचा पेपर धरलेली बारा वर्षांची पोर. बाई म्हणाल्या, "तिला काहीतरी धीराचं बोला." मी बोलले, "घाबरू नकोस, मी आहे." पोर ढिम्म. पुन्हा बोलले. काहीच नाही. जणू परक्या घरातली बाई बोलते आहे.

वाचकहो, आपल्याकडची किती घरं अशी आहेत! बापू उदगीरचे, अव्वा भालकीकडची. दोन्ही गावं एकेकाळी निजामाच्या राज्यातल्या एकाच बिदर जिल्ह्यातली. 1 नोव्हेंबर 1956 ला भालकी म्हैसूर राज्यात गेली आणि उदगीर मुंबई राज्यात गेलं. जमीन वाटली गेली, सोयरिकी तशाच राहिल्या. आमच्या घरात हिशेब, शाळा आणि रागावणं मराठीत चालायचं. तेल लावणं, जेवू घालणं, डोळे पुसणं कानडीत. त्या दिवशी बापू बोलून गेल्यावर अव्वाने मला चुलीपाशी ओढून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "बा इल्लि, अळबेड." ये इकडे, रडू नकोस.

मी तेच म्हटलं. मोठ्याने. आणि चाळीस वर्षांचं रडू एकदम आलं. बाईंना कानडी येत नाही. त्या म्हणाल्या, "मला नाही कळलं तरी चालेल. तिला कळलं ना?"

पुढे वाचनात आलं की यात नवल नाही. लंडनचे प्राध्यापक जाँ-मार्क देवेल यांनी हजारांहून अधिक बहुभाषिक लोकांना प्रश्न विचारले, तेव्हा शिव्या आणि मायेचे शब्द बहुतेकांना पहिल्या भाषेतच जास्त जड वाटतात असं दिसलं. उलट, शिकागोच्या बोआझ कीसार यांच्या 2012 च्या प्रयोगांत लोक दुसऱ्या भाषेत विचार करताना जास्त थंड डोक्याने निर्णय घेताना आढळले. आपल्याला तर दोन्ही भाषा आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या. म्हणून आतलं कोण कोणती भाषा बोलतं, हे ज्याचं त्याने ओळखायचं. माझी ओरडणारी मराठी बोलते, रडणारी कानडी.

जादू नव्हे

या पद्धतीवरचं संशोधन अजून थोडं आहे. 2013 साली संधिवाताच्या 79 रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या पद्धतीने वेदना आणि उदासी कमी झालेली दिसली. पण ही गुडघ्याच्या औषधाची जागा नव्हे. कुणाला प्रत्यक्ष आवाज ऐकू येत असतील, भास होत असतील, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी डॉक्टर. लहानपणी फार मोठा आघात झालेला असेल तर ती खोली एकट्याने उघडू नये, जाणकार माणूस सोबत हवा. आणि 'भाग' आहेत म्हणजे अंगात आलंय किंवा डोकं फिरलंय असंही नाही. "एक मन म्हणतं जावं, एक मन म्हणतं राहावं," हे आपण रोजच म्हणतो.

लातूरला जाणं सगळ्यांना जमणार नाही. 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते. कानडीत बोला, मराठीत बोला.

घरी करून पाहण्यासारखं मात्र थोडं आहे. राग आला की "मी रागावले" म्हणण्याऐवजी "माझ्यातलं कुणीतरी रागावलंय" म्हणून बघा. ते अंगात कुठे आहे ते शोधा. ते कशाला भितं ते विचारा. त्याच्या भाषेत विचारा. आणि उत्तर आलं तर वाद घालू नका.

माझ्या घशातली बाई गेलेली नाही. मागच्याच महिन्यात मुलाने मोटारसायकल कुंपणाला ठोकली आणि तेच वाक्य थेट जिभेवर आलं. मी तिला म्हटलं, "थांब बाई, बघते मी." मग मुलाला विचारलं, "लागलं का रे कुठं?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग कोपर पुढे केलं. बरंच खरचटलं होतं.