गिअर कोणीं बदलावा?

गेल्या आषाढांत आमच्या घरीं जो वाद सुरू झाला तो दिवाळीपर्यंत पुरला. घरांत माणसें अकरा, मोटार एक, आणि ती चालविणारीं माणसें चार: आम्ही, आमचे थोरले चिरंजीव, धाकटी सून आणि बंधूंचा मुलगा. जुनी मोटार चौदा वर्षें सेवा करून थकली, तेव्हां नवी घ्यावी हें सर्वांस मान्य झालें. ती लहान असावी हेंहि मान्य झालें, कारण कोथरुडांतील आमच्या गल्लींत मोठी मोटार वळवितां वळवितां अर्धा दिवस जावयाचा. "काका, लहानच घ्यायची तर निदान पाणीदार तरी घेऊं," असा पुतण्यानें हट्ट धरला. 'पाणीदार' हें विशेषण घोड्याचें. तें मोटारीस लावलेलें ऐकून आम्हांस मौज वाटली, आणि त्या मौजेच्या भरांत आम्हीं रुकार देऊन टाकला. येथवर सर्व गोडीगुलाबीनें पार पडलें. मग प्रश्न निघाला कीं, गिअर हातानें बदलावयाचा घ्यावा कीं आपोआप बदलणारा? आणि घराचे दोन तट पडले.

हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघत असेल, म्हणून आमच्या शोधाचा वृत्तांत येथें देत आहों. जन्मभर शाळेंत घालविल्यामुळें एक खोड आम्हांस लागली आहे: वस्तूचें मूळ समजल्याशिवाय तिजविषयीं मत देतां येत नाहीं.

मोटारीचें एंजिन हा मोठा लहरी नोकर आहे. तें एका ठराविक मर्यादेंत फिरत असेल तेव्हांच नेटानें काम करतें. फार सावकाश फिरविलें तर धापा टाकून बंद पडतें. चाकें मात्र कधीं मुंगीच्या पावलांनीं, तर कधीं ताशीं शंभर किलोमीटरच्या वेगानें फिरलीं पाहिजेत. या दोहोंचा मेळ घालणारी दंतचक्रांची पेटी म्हणजे गिअरपेटी. चढावर पहिला किंवा दुसरा गिअर घातला कीं एंजिन पुष्कळ फेरे घेतें आणि चाक थोडे. वेग जातो, जोर येतो. सपाटीवर वरचा गिअर घातला कीं उलट होतें. एका जोडींतून दुसऱ्या जोडींत जातांना एंजिनाचा आणि चाकांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो, आणि तो तोडण्याचें काम क्लच करतो.

हें सर्व पूर्वीं फार कष्टाचें होतें. १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅकच्या मोटारींत सिंक्रोमेश ही युक्ति आली. तोंवर फिरणाऱ्या दोन चक्रांचा वेग चालकानें कानानें ओळखून जुळवावयाचा, क्लच दोनदां दाबावयाचा, आणि अंदाज चुकला तर पेटींतून जो कर्कश ध्वनि निघे त्यानें सारा रस्ता मान वळवून पाही. पुढें १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींतून हायड्रामॅटिक नांवाची गिअरपेटी लोकांच्या हातीं आली, आणि तेथें क्लचचें पेडल प्रथमच मोठ्या प्रमाणावर नाहींसें झालें. म्हणजे ही स्वयंचलित गिअरपेटी कांहीं कालपरवांची नव्हे. आपल्याकडे सामान्य घरांत ती पोंचण्यास मात्र फार काळ लागला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हिच्या अज्ञानामुळेंच आमच्या घरांतील निम्मा वाद झाला. 'ऑटोमॅटिक' हें नांव एक, पण त्याखालीं नांदणाऱ्या जाति चार. चिरंजीव एका जातीची स्तुति करीत आणि पुतण्या दुसऱ्या जातीची निंदा करी; दोघांचेंहि खरें असे आणि दोघेहि भांडत असत.

पहिली जात टॉर्क कन्व्हर्टरची. येथें क्लचच्या जागीं तेल असतें. एंजिन एका बाजूचें पंखेवजा चक्र फिरवितें, त्यानें तेल फिरतें, आणि तें तेल दुसऱ्या बाजूचें चक्र फिरवितें. ही अत्यंत सौम्य आणि सोशिक. दुसरी सीव्हीटी, हिच्यांत पायऱ्या नाहींतच, दोन कप्प्या आणि त्यांवरून जाणारा पट्टा. शहरांत ती सुखाची, पण वेग घ्यावयाचा म्हटला कीं एंजिन एकाच सुरांत ओरडत राहतें. पाणीदार मोटारीस ती शोभत नाहीं, म्हणून तिचा विचार आम्हीं सोडून दिला. तिसरी एएमटी. ही वास्तविक साधी हाताचीच गिअरपेटी असून, माणसाचा हात आणि डावा पाय यांच्या जागीं एक यंत्र बसविलेलें असतें. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ मोटारींत ही आली आणि थोड्या पैशांत ऑटोमॅटिक मिळूं लागली. हिच्या गिअरबदलांत एक उसासा असतो. त्या वेळीं आंत बसलेल्या मंडळींच्या माना एकदम होकार दिल्याप्रमाणें हलतात. पण हिला कमी लेखूं नये. २०२४ सालच्या स्विफ्टचे कारखान्यानें दिलेले आंकडे पहावे: हाताच्या गिअरला लिटरमागें २४.८० किलोमीटर, एएमटीला २५.७५. 'ऑटोमॅटिक पेट्रोल फार पितें' हा आमचा जुना समज या आंकड्यांपुढें टिकला नाहीं.

चौथी जात दोन क्लचची, आणि पाणीदार मोटारींच्या बाबतींत खरी गोम येथें आहे. एक क्लच पहिला, तिसरा, पांचवा असे विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. मोटार तिसऱ्यांत धांवत असतांना चौथा आधींच जुळवून ठेवलेला असतो; एक क्लच सुटतो त्याच क्षणीं दुसरा धरतो, आणि जोर खंडित होत नाहीं. २००३ सालीं फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ मध्यें ही रचना बाजारांत आली. कोणाहि मनुष्याचा हात हिच्याइतक्या चपळाईनें चालणें शक्य नाहीं. आपल्या चाकणास तयार होणारी पोलो जीटी टीएसआय २०१३ सालीं निघाली ती याच सात पायऱ्यांच्या पेटीसह. तिच्यांत हाताचा गिअर मिळतच नसे! पुढें २०२० सालीं नवें एक लिटरचें एंजिन आलें तेव्हां सहा गिअरची हाताची पेटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर अशी निवड मिळाली, आणि २०२२ सालीं पोलोचें येथील उत्पादनच थांबलें. पुण्यांतील पुष्कळ तरुणांस तेव्हां घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें म्हणे. आम्हीं त्यांस हंसलों होतों; आतां हंसत नाहीं.

बाहेरच्या जगांत वारा दोन्हीकडून वाहतो आहे. २०२४ सालच्या नव्या मिनी कूपरमध्यें क्लचचें पेडल राहिलें नाहीं. उलट टोयोटाची जीआर यारिस २०२० सालीं केवळ हाताच्या गिअरसह आली, आणि २०२४ पासून तिच्यांत आठ पायऱ्यांचें ऑटोमॅटिक पर्याय म्हणून मिळूं लागलें, पण हाताचा गिअर काढून टाकला नाहीं. आपल्याकडे टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ सालीं बाजारांत आली ती हाताच्या सहा गिअरची. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनमध्यें २०२३ पासून दोन्ही मिळूं लागलीं, हाताचे सहा गिअर किंवा दोन क्लचची सात पायऱ्यांची पेटी. एंजिन तेंच, एक लिटरचें, टर्बो लावलेलें, १२० अश्वशक्तीचें. त्या वेळीं दोहोंच्या किमतींत सुमारें एक लाख दहा हजार रुपयांचें अंतर होतें. एंजिन एक आणि पेटी दोन, म्हणजे तुलना करण्यास याहून सोयीची मोटार कोणती? तेव्हां परीक्षेस हीच घ्यावी असें ठरलें.

एका रविवारीं आम्हीं चौघांनींहि दोन्ही मोटारी चालवून पाहिल्या. प्रथम ऑटोमॅटिक. या परीक्षेंत आमची जी शोभा झाली ती सांगितलीच पाहिजे, कारण इतरांस उपयोगी पडेल. चाळीस वर्षें आमचा डावा पाय क्लच दाबीत आला; चौकांत मोटार थांबवावयाची आली तसा तो संवयीनें जोरानें खालीं गेला. तेथें क्लच नव्हता. ब्रेकचें रुंद पेडल होतें. मोटार जागच्या जागीं खिळली, मागें बसलेल्या पुतण्याचें नाक पुढच्या आसनावर आपटलें, आणि विक्रेत्याचा तरुण नोकर अतिशय नम्रपणें म्हणाला, "सर, डावा पाय मागें घेऊन ठेवा." जन्मभर आम्हीं मुलांस जें सांगितलें तेंच! पण सूचना अचूक होती. ज्यांस नव्यानें ऑटोमॅटिक चालवावयाचें आहे त्यांनीं पहिले चार दिवस डावा पाय आसनाकडे ओढूनच ठेवावा.

त्यापुढें मात्र आम्ही प्रसन्न झालों. चांदणी चौकाच्या चढावर, मोटारींच्या रांगेंत, आमचा दुखरा डावा गुडघा निवांत होता. हा गुडघा दोन वर्षांपासून त्रास देत आहे, आणि रांगेंत शंभर वेळां क्लच दाबून घरीं आलों कीं रात्रीं तेल चोळावें लागतें. चिरंजीवांचा सारा पक्ष याच गुडघ्यावर उभा होता. शिवाय सूनबाईंस रोज हिंजवडीस जावें लागतें. तेव्हां घरच्या वडिलांच्या आणि स्त्रियांच्या सोयीसाठीं ऑटोमॅटिकच घ्यावी, असें त्यांचें म्हणणें.

मग हाताची चालविली. तीच मोटार, पण निराळी. दुसऱ्यांत जरा ताणून तिसरा घातला तेव्हां दांडा ज्या थोडक्या हालचालींत खटकन् बसला, त्यानें आमच्यासारख्या म्हाताऱ्याच्याहि अंगांत शिरशिरी उठली. पुतण्या म्हणाला, "काका, ती दुसरी गाडी जास्त वेगवान आहे, हें मला कबूल आहे. पण मला वेग नको, मला काम हवं आहे." आम्हांस नलराजाची आठवण झाली. महाभारतांत तो बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ हांकतो. राजाचें उत्तरीय खालीं पडलें, तें आणावयास थांब म्हणावें तों रथ योजनभर पुढें गेलेला. त्या रथांत वेग घोड्यांचा होता, पण अश्वविद्या नलाची होती, आणि राजास ती शिकून घेण्याची इच्छा झाली. नुसतें पोंचावयाचें असतें तर त्यास ती इच्छा कशास झाली असती?

दोन क्लचच्या पेटीविषयीं एक सावधगिरीहि आम्हांस कळली. या मोटारींतील क्लच कोरडे आहेत. रांगेंत इंचाइंचानें सरकतांना ते अर्धवट धरून घासत राहतात आणि तापतात. म्हणून चढावर थांबतांना अॅक्सिलरेटरनें मोटार तोलून धरूं नये. सरळ ब्रेक दाबावा, पुढें पुरेशी जागा झाली कीं मगच हलावें. अल्ट्रोझमध्यें २०२२ सालीं जें ऑटोमॅटिक आलें त्याचे क्लच तेलांत असतात, त्यांस हा ताप कमी. हाताच्या मोटारींतहि पाय क्लचवर टेकवून ठेवणाऱ्यांची चकती अशीच झिजते, हें विसरूं नये. आमच्या चिरंजीवांस ही संवय आहे आणि जुन्या मोटारीची एक चकती त्यांनींच खाल्ली आहे.

असे दोन्ही पक्ष तुल्यबळ झाले. आमचा कल, गुडघ्यास स्मरून, ऑटोमॅटिककडे होता. एके रात्रीं जेवणें झाल्यावर पुन्हा तोच विषय निघाला आणि 'सूनबाईंची सोय' हे शब्द चिरंजीवांनीं बहुधा विसाव्यांदा उच्चारले. तेव्हां सूनबाई वाढतां वाढतां थांबल्या आणि म्हणाल्या, "मामंजी, माझी सोय सगळे बोलतात, पण मला कुणी विचारलं नाही."

खरेंच विचारलें नव्हतें! मोटार सर्वांत अधिक चालवितात त्या, आणि आम्ही तीन पुरुष चार महिने त्यांच्या नांवानें भांडत होतों. आम्हीं ओशाळून त्यांचें मत विचारलें. त्या म्हणाल्या, "मला हाताचीच हवी. हिंजवडीच्या रांगेंत पाय दुखतो, नाही असं नाही. पण माझं माहेर चिपळूणला. पावसाळ्यांत कुंभार्लीचा घाट उतरतांना दुसरा गिअर मीं स्वतः घातला कीं मला धीर असतो. ऑटोमॅटिकमध्येंहि खालचा गिअर धरून ठेवतां येतो, तें मीं त्या दिवशीं करून पाहिलं. पण धुक्यांत मला तें आठवायला नको. आणि आपल्या ठकीला आतां अठरावं संपेल. ती शिकणार याच गाडीवर. हाताची आली कीं दुसरी येतेच. उलट होत नाही."

हा शेवटचा मुद्दा आम्हां कोणाच्याच ध्यानांत आला नव्हता. ब्रिटनमध्यें तर ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्या मनुष्यास हाताच्या गिअरची मोटार चालविण्याचा परवानाच मिळत नाहीं. आपल्या परवान्यांत असा भेद नाहीं, पण परवाना असणें आणि हात बसणें यांत भेद आहेच.

चिरंजीव म्हणाले, "आणि बाबांचा गुडघा?" त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. निर्णय आम्हांवर आला हें आमच्या ध्यानीं आलें. ज्या घरांत मोटार चालविणारें माणूस एकच आणि त्याचा मार्ग रोज गर्दीचा, किंवा ज्याचा पाय आमच्यासारखा, त्यानें निःशंक ऑटोमॅटिक घ्यावी, आणि पाणीदार मोटार हवी असेल तर दोन क्लचची घ्यावी; त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. पण ही मोटार दहाबारा वर्षें राहावयाची. तींत पुढील दहा वर्षें चालविणाऱ्यांचें मत मोजावें कीं दोन वर्षें चालविणाऱ्याचें? आम्हीं हाताची घेण्यास सांगितलें.

मोटार मार्गशीर्षांत घरीं आली. पहिल्या दिवशीं आम्हीं ती गल्लीच्या टोंकापर्यंत नेऊन आणली आणि किल्ली सूनबाईंच्या हातीं दिली. आतां आम्ही डाव्या आसनावर बसतों. ठकीचें शिक्षण रविवारीं सकाळीं एआरएआयच्या टेकडीच्या रस्त्यावर चालतें. तिसऱ्यांतून दुसऱ्यांत येतांना ती अजून घाबरते, आणि त्या वेळीं आमचा डावा पाय आपोआप खालीं जातो.