हृदय आणि फुप्फुसे : एक संयुक्त खाते

वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे माणसाचे आयुर्मान वाढले आणि त्याबरोबर घराघरांतील वडीलधाऱ्यांची संख्याही वाढली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु दीर्घायुष्याच्या सोबतीने काही व्याधी पाहुण्या म्हणून येतात आणि कायमच्या मुक्कामाला राहतात. हृदयाची दुर्बलता व फुप्फुसांचे विकार या त्यांपैकी दोन. आणि पुष्कळदा त्या जोडीनेच येतात. माझ्या आईच्या आजारपणामुळे गेली चार वर्षे या विषयाशी माझा जवळून संबंध आला. आमच्या कित्येक ग्राहकांच्या आणि सहकाऱ्यांच्या घरी हेच चित्र दिसते, म्हणून हा लेखप्रपंच.

नावाची भीती

‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द कानी पडताच घरातील माणसांच्या पोटात गोळा येतो. हृदय बंद पडले, असा त्याचा अर्थ बहुतेकजण घेतात. वस्तुतः हृदय चालूच असते. मात्र शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती कमी झालेली असते. निरोगी प्रौढाचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पंप करते आणि दिवसाकाठी जवळजवळ १ लाख ठोके देते. जुना उच्च रक्तदाब, पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, मधुमेह किंवा झडपांचे विकार यांमुळे हा पंप थकतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे हिशेबाच्या भाषेत चटकन उमगते. हृदय आणि फुप्फुसे यांचे खाते संयुक्त आहे. हृदयाची उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते, तेथे त्यात प्राणवायू जमा होतो आणि डावी बाजू ते शुद्ध रक्त सर्व शरीराला वाटते. डावी बाजू दुबळी झाली की उचल कमी होते, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी साचते. उलटपक्षी, फुप्फुसे दीर्घकाळ आजारी असली तर त्यांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढून उजव्या बाजूवर भार पडतो आणि पायांवर सूज चढते. एका खातेदाराची तूट दुसऱ्याला भरावी लागते, ती अशी.

चुलीचा धूर

माझी आई सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात चाळीस वर्षे चुलीपुढे बसली. विडी-सिगारेटला तिने कधी स्पर्शही केला नाही. परंतु लाकूडफाटा आणि गोवऱ्या यांचा धूर तिच्या श्वासनलिकांनी निमूटपणे सोसला. ‘सीओपीडी’, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार, केवळ धूम्रपानाने होतो असे नाही. चुलीचा धूर हेही त्याचे एक प्रमुख कारण आहे. माझी बदली इंदूरला झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. जिन्यात मध्येच थांबून ती म्हणायची, “वय झालं आता, धाप लागायचीच.” पुढे रात्री एकाऐवजी तीन उश्या लागू लागल्या आणि पायांवर दाबलेल्या बोटाचा खळगा तसाच राहू लागला.

दमा, सीओपीडी आणि हृदयाची दुर्बलता या तिन्हींत धाप हे लक्षण समान असते. म्हणून केवळ अंदाजावर विसंबून चालत नाही. ‘इको’ तपासणीत हृदयाची आकुंचनशक्ती कळते, ‘स्पायरोमेट्री’त फुंकरीवरून श्वासनलिकांची स्थिती समजते आणि ‘एनटी-प्रोबीएनपी’ या रक्तचाचणीतून हृदयावरील ताणाचा अंदाज येतो. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. आकुंचनशक्तीचा आकडा चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकते. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये, हा प्रकार बराच आढळतो. आईच्या बाबतीत दोन्ही विकार एकदमच निघाले.

रोजची रोजकीर्द

या आजारांत रुग्णालयाइतकेच घरही महत्त्वाचे असते. डॉक्टरांनी आईला रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करायला सांगितले. तिने त्यासाठी एक वही घातली. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईची ती वही एखाद्या जुन्या शाखेच्या खतावणीइतकी नेटकी आहे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर ते अन्नाचे नव्हे, साचलेल्या पाण्याचे असते. अशा वेळी डॉक्टरांना तत्काळ कळवावे. गेल्या वर्षी त्या वहीतील आकड्यांमुळेच लघवीच्या गोळीचे प्रमाण वेळेवर बदलले गेले आणि तिचा रुग्णालयातील मुक्काम टळला.

आणखी काही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत :

• मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. लोणचे, पापड, सांडगे आणि फरसाण यांतील मीठ हिशेबात धरावे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.
• गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी शरीरात पाणी साचते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.
• इनहेलरची सवय लागते, हा गैरसमज आहे. त्यातून औषध अल्प मात्रेत थेट फुप्फुसांत पोहोचते. तो घेण्याची पद्धत मात्र नीट शिकून घ्यावी.
• सीओपीडीच्या काही रुग्णांना जास्त प्राणवायूही अपायकारक ठरतो. म्हणून घरी यंत्र असले तरी ठरवून दिलेल्या प्रमाणातच तो द्यावा.
• फ्लूची लस दरवर्षी, तसेच न्यूमोनियाची लस घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.
• ओठ निळसर पडणे, बोलताना वाक्य पुरे न होणे, फेसाळ गुलाबी थुंकी येणे किंवा गुंगी येणे ही धोक्याची लक्षणे होत. रुग्णाला आडवे न करता बसते ठेवावे आणि तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

बँकेच्या काउंटरवरून

आजारपणात औषधाइतकीच पैशाची उपलब्धताही तातडीची असते. वडिलांच्या नावावर पुरेशी ठेव आहे, पण ते अतिदक्षता विभागात असल्यामुळे सही होऊ शकत नाही आणि मुलगा उसनवारी करतो, हे दृश्य आम्ही वरचेवर पाहतो. खाते वेळीच संयुक्त करून ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने चालवले, तर ही ओढाताण टळते. नामनिर्देशनही अवश्य करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांसाठी चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. ज्याला सही करणे शक्य नाही, अशा आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष घेण्याची तरतूद आहे. त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याविषयी बँकांना सूचना दिल्या. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देण्याकरिता २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट करण्यात आले. त्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद आहे. हे कार्ड प्रकृती ठीक असतानाच काढून ठेवावे.

विचारायचे राहून जाते ते

हे दोन्ही आजार सहसा पूर्णपणे बरे होत नाहीत. ते सांभाळावे लागतात. म्हणूनच एक अवघड संभाषण वेळेवर व्हायला हवे. प्रकृती फारच खालावली तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावायचे का, शेवटचे दिवस कोठे घालवायचे, हे प्रश्न आपण आईवडिलांना विचारत नाही. अशुभ बोलू नये, या समजुतीने तोंड मिटते आणि निर्णय मध्यरात्री, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, भावाबहिणींच्या वादात होतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याच्या अधिकाराला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली.

मी हा विषय काढला तेव्हा आई रागावेल असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, “मला कळतंय तोवर मलाच विचारा. कळेनासं झालं, की मग तुमचं तुम्ही ठरवा. पण भांडू नका.” त्यानंतर आम्ही तिघा भावंडांनी तिच्यासमोर बसून तिचे म्हणणे लिहून घेतले.

वाचकहो, आपल्या घरातील ज्येष्ठांच्या धापेकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नका. एक वजनकाटा, एक वही, वेळेवर केलेली तपासणी आणि खात्यावर केलेली एक नोंद यांना फारसा खर्च येत नाही. मात्र त्यामुळे वडीलधाऱ्यांचा पुढचा काळ सुसह्य होतो आणि आपल्यामागे धावपळ नव्हे, त्यांचा सहवास उरतो.