मोटोक्रॉस मोटारसायकल : दोन-धावी व चार-धावी एंजिने

मोटोक्रॉस मोटारसायकल : चढउतार, तीव्र वळणे, चिखल, वाळू आणि मातीचे उंचवटे असलेल्या बंदिस्त धावमार्गावरील शर्यतीसाठी खास बनविलेली हलकी मोटारसायकल. तिला दिवे, आरसे, वेगदर्शक इ. रस्त्यावरील वाहनास आवश्यक असलेली उपकरणे नसतात. चाकांवरील धावा खोल खाचांच्या असतात आणि उडीचा धक्का शोषून घेण्यासाठी पुढील व मागील निलंबन लांब पल्ल्याचे असते. या मोटारसायकलींत दोन प्रकारची पेट्रोल एंजिने वापरतात : दोन-धावी, म्हणजे व्यवहारात टू-स्ट्रोक या नावाने ओळखले जाणारे, आणि चार-धावी म्हणजेच फोर-स्ट्रोक. सुमारे तीस वर्षे या खेळावर दोन-धावी एंजिनाचे प्रभुत्व होते. १९९७ नंतरच्या दहा वर्षांत ते जवळजवळ संपुष्टात आले. तथापि स्वस्त, साधे आणि मालकाला स्वतः दुरुस्त करता येणारे यंत्र म्हणून त्याची मागणी टिकून राहिली. यांपैकी कोणते एंजिन श्रेष्ठ हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. शर्यतीत उतरण्याचा खर्च कोणाला पेलतो, हेही त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

एंजिनांचे कार्य : दट्ट्याचा सिलिंडरातील वर किंवा खाली असा एक प्रवास म्हणजे एक धाव. चार-धावी एंजिनात अंतर्ग्रहण, संपीडन, ज्वलन-प्रसरण आणि निष्कास या चार क्रिया चार स्वतंत्र धावांत होतात. त्यामुळे भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदाच शक्ती मिळते. इंधन-मिश्रण आत घेण्यासाठी व जळालेले वायू बाहेर टाकण्यासाठी सिलिंडराच्या माथ्यावर झडपा असतात. त्या उघडण्यासाठी कॅमदंड आणि तो फिरविण्यासाठी साखळी लागते. जर्मन अभियंते निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये या चक्रावर चालणारे एंजिन यशस्वी केले.

दोन-धावी एंजिनात हेच काम दोन धावांत उरकते आणि भुजादंडाच्या प्रत्येक फेरीस शक्ती मिळते. स्कॉटिश अभियंते ड्यूगल्ड क्लार्क यांनी १८८० च्या सुमारास अशा चक्राचे एंजिन तयार केले. पुढे इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी मिश्रण प्रथम भुजादंडाच्या कोशात ओढून घेण्याची युक्ती योजिली आणि या एंजिनास आजचे साधे रूप मिळाले. दट्ट्या वर जाताना कोशात मिश्रण शिरते. खाली येताना ते दाबले जाऊन सिलिंडराच्या भिंतीतील मार्गांनी वर चढते आणि जळालेल्या वायूंना बाहेर ढकलते. दट्ट्याच हे मार्ग उघडतो व झाकतो, म्हणून माथ्यावरील झडपा, कॅमदंड व साखळी यांची गरज राहत नाही. कोशातून मिश्रण जात असल्याने तेथे वंगणतेल साठविता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. शर्यतीच्या गाडीत साधारणतः ३२ ते ४० भाग पेट्रोलला एक भाग तेल असे प्रमाण ठेवतात. हे तेल इंधनाबरोबर जळते. गाडीच्या निळसर धुराचे व तिच्या ओळखीच्या वासाचे कारण हेच होय.

प्रत्येक फेरीस शक्ती मिळत असल्याने समान आकारमानाच्या दोन-धावी एंजिनाची शक्ती तत्त्वतः दुप्पट असावयास हवी. प्रत्यक्षात ती तितकी नसते, कारण जळालेले वायू पूर्णपणे बाहेर पडत नाहीत आणि ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच त्यांच्याबरोबर निघून जातो. या दोषावर पूर्व जर्मनीतील एम्झेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० नंतरच्या दशकात प्रभावी उपाय विकसित केला. मध्ये फुगीर व पुढे निमुळती होत जाणारी निष्कास नळी बसविली असता दाबाचा तरंग तिच्या टोकाकडून परावर्तित होतो आणि निसटू पाहणारे मिश्रण सिलिंडरात परत लोटतो. काडेन यांच्या १२५ घ. सेंमी. एंजिनाने १९६१ पर्यंत सुमारे २५ अश्वशक्ती, म्हणजे दर लिटर आकारमानास २०० अश्वशक्ती, गाठली. त्याच वर्षी त्यांच्या संघाचे चालक एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेले आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीस मिळाले. तरंगाची ही मदत एंजिनाच्या ठराविक वेगमर्यादेतच मिळते. त्यामुळे दोन-धावी गाडी कमी वेगात मंद भासते आणि ती मर्यादा येताच एकाएकी उसळी घेते.

दोन-धावी गाड्यांचा उदय : खडबडीत मैदानावरील मोटारसायकल शर्यतींचा आरंभ इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे १९२४ मध्ये झाला. पुढे हा खेळ बेल्जियम, फ्रान्स इ. देशांत पसरून मोटोक्रॉस या नावाने रूढ झाला. ५०० घ. सेंमी. वर्गातील यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धेस १९५२ मध्ये सुरुवात झाली व १९५७ मध्ये तिला जागतिक दर्जा मिळाला. आरंभीच्या गाड्या जड, चार-धावी एंजिनाच्या असत. इंग्लंडचे जेफ स्मिथ यांनी १९६४ व १९६५ मध्ये बीएसए कंपनीच्या चार-धावी गाडीवर जागतिक अजिंक्यपद मिळविले. लगेच १९६६ मध्ये पूर्व जर्मनीचे पाउल फ्रीड्रिख्स यांनी चेकोस्लोव्हाकियातील सीझेड कंपनीच्या दोन-धावी गाडीवर ते पद जिंकले आणि पुढील दोन वर्षे राखले. २५० घ. सेंमी. वर्गात स्वीडनच्या हुस्क्वार्नाच्या दोन-धावी गाड्यांनी आधीच बाजी मारली होती. बेल्जियमचे जोएल रोबेर यांनी १९७० मध्ये सुझुकीवर जपानी कंपनीचे पहिले मोटोक्रॉस अजिंक्यपद मिळविले. चार-धावी एंजिनांचा आग्रह धरणाऱ्या होंडा कंपनीनेही अखेर एल्सिनोर ही दोन-धावी गाडी १९७३ सालासाठी बाजारात आणली.

या विजयामागे शक्तीपेक्षाही वजन हे कारण मोठे होते. उडी घेताना, वळणावर गाडी कलवताना आणि चिखलातून ती ओढून काढताना प्रत्येक किलोग्रॅम जाणवतो. शिवाय यंत्र साधे असल्यामुळे किंमत आवाक्यात राहिली. तरुण चालकांनी गाडी विकत घ्यावी, घराच्या आवारात उघडावी, दुरुस्त करावी आणि आठवड्याच्या अखेरीस शर्यतीस न्यावी, अशी प्रथा अमेरिकेत व यूरोपात रूढ झाली.

चार-धावी गाड्यांचे पुनरागमन : १९९० नंतरच्या दशकात हलके मिश्रधातू, टायटॅनियमच्या झडपा आणि अतिवेगाने फिरणारे एंजिन यांमुळे चार-धावी गाडीचे वजन घटले. यूरोपात हुस्क्वार्ना व हुसाबर्ग यांच्या चार-धावी गाड्यांनी ५०० घ. सेंमी. वर्गात पुन्हा अजिंक्यपदे मिळविली. निर्णायक बदल मात्र अमेरिकेत झाला. १९९७ मध्ये लास व्हेगास येथील सुपरक्रॉस शर्यत डग हेन्री यांनी यामाहाच्या प्रायोगिक चार-धावी गाडीवर जिंकली. तिची विक्रीसाठीची आवृत्ती वायझेड ४०० एफ ही १९९८ मध्ये आली आणि त्याच वर्षी हेन्री यांनी तिच्यावर खुल्या मैदानावरील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

या स्थित्यंतरात नियमांचा वाटा मोठा होता. चार-धावी एंजिनास प्रोत्साहन मिळावे म्हणून त्याला मोठ्या आकारमानाची सवलत देण्यात आली होती. २००४ पासून जागतिक स्पर्धेतील वरच्या वर्गात २५० घ. सेंमी. दोन-धावी गाडीसमोर ४५० घ. सेंमी. चार-धावी आणि खालच्या वर्गात १२५ समोर २५० अशी जोडी ठरली. जुन्या यंत्ररचनेच्या काळात ही सवलत न्याय्य वाटली असती. नव्या एंजिनांच्या हाती मात्र ती मोठे शस्त्र ठरली. १२५ घ. सेंमी. दोन-धावी गाडीची शक्ती चाळीस अश्वशक्तींच्या आत राहते, २५० घ. सेंमी. चार-धावी गाडी तेवढी शक्ती सहज देते आणि ती कितीतरी विस्तृत वेगमर्यादेत देते. अमेरिकेतील सुपरक्रॉसच्या वरच्या वर्गाचे दोन-धावी गाडीवरील शेवटचे अजिंक्यपद रिकी कारमायकेल यांनी २००५ मध्ये सुझुकीवर मिळविले. यानंतर होंडा, कावासाकी व सुझुकी यांनी आपल्या मोठ्या दोन-धावी मोटोक्रॉस गाड्यांचे उत्पादन थांबविले. जपानी कंपन्यांपैकी केवळ यामाहाने १२५ व २५० घ. सेंमी. गाड्या चालू ठेवल्या. ऑस्ट्रियाच्या केटीएमनेही या प्रकारात संशोधन सोडले नाही.

हाताळणीतील भेद : चार-धावी एंजिन कमी वेगातही चाकास भरपूर जोर देते आणि तो एकसारखा वाढत जातो. त्यामुळे मागील चाक मातीत कमी घसरते व दंतचक्रे वारंवार बदलावी लागत नाहीत. थ्रॉटल सोडताच एंजिन स्वतःच गाडीचा वेग रोखते. नवशिक्यास ही गाडी क्षमाशील वाटते. उलट दोन-धावी गाडीत योग्य दंतचक्र, क्लचचा नेमका वापर आणि वळणातील वेग टिकविणे यांवर सारे अवलंबून असते. चूक झाल्यास एंजिन मंदावते आणि ती भरून काढण्यास जोर उरत नाही. म्हणूनच १२५ घ. सेंमी. गाडीस चालकाची शाळा समजतात. तिचे वजन इंधनासह साधारणतः ९५ किग्रॅ. असते, २५० घ. सेंमी. चार-धावी गाडी तिच्याहून सुमारे दहा किग्रॅ.नी जड असते. चार-धावी एंजिनातील फिरणाऱ्या भागांचे जडत्व अधिक असल्याने हा फरक चालकास आकड्याहून मोठा भासतो. हलकेपणा आणि शक्तीची अचानक उसळी हेच दोन-धावी गाडीचे मुख्य आकर्षण होय.

खर्च व देखभाल : खरेदीच्या किंमतीतील फरक उघड असतो. २०२० नंतरच्या वर्षांत यामाहाची २५० घ. सेंमी. दोन-धावी व ४५० घ. सेंमी. चार-धावी गाडी यांच्या अमेरिकेतील किंमतींत सुमारे दोन हजार डॉलरचे अंतर होते. परंतु गाडी परवडते की नाही, हे खरेदीपेक्षा दुरुस्तीच्या वेळी ठरते.

दोन-धावी एंजिनाची झीज लवकर होते. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या १२५ घ. सेंमी. गाडीचा दट्ट्या व त्यावरील कडी साधारणतः वीस ते चाळीस तासांच्या वापरानंतर बदलतात. हे काम मात्र सोपे असते. माथा व सिलिंडर काढून नवा दट्ट्या, कडी, खिळा व गॅस्केट बसविणे एवढेच त्याचे स्वरूप असून साध्या हत्यारांनी सराव असलेला मालक ते एका संध्याकाळी उरकतो. चार-धावी एंजिनाचा दट्ट्या सामान्यतः अधिक टिकतो, परंतु त्याबरोबर झडपांमधील अंतर मोजणे, कॅमदंडाची साखळी बदलणे, झिजलेल्या झडपा व त्यांची आसने नवी करणे ही कामे येतात. वंगणतेलाचा साठा जेमतेम एक लिटर किंवा त्याहूनही कमी असल्याने तेही काही तासांच्या वापरानंतर बदलावे लागते.

खरा भेद बिघाडाच्या वेळी दिसतो. दोन-धावी एंजिनात दट्ट्या अडकल्यास बहुधा सिलिंडर व दट्ट्या एवढ्यावर निभावते. बारा-तेरा हजार फेऱ्यांच्या गतीने चालणाऱ्या चार-धावी एंजिनाची झडप तुटून सिलिंडरात पडल्यास माथा, दट्ट्या, सिलिंडर आणि कधीकधी भुजादंडही निकामी होतो. अशा दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किंमतीजवळ पोहोचू शकतो. दुसऱ्या हाताची स्वस्त चार-धावी गाडी घेणाऱ्यापुढे हाच धोका असतो : आधीच्या मालकाने टाळलेला खर्च नव्या मालकावर पडतो. याउलट, जो महिन्यातून एकदोनदाच आणि संथपणे गाडी चालवितो, त्याला नियमित तेल बदललेले चार-धावी एंजिन दीर्घकाळ उत्तम साथ देते. तेव्हा दोन-धावी गाडी सर्वांनाच स्वस्त पडते असे नाही. तिचा खर्च लहान, वारंवार आणि आधी ओळखता येणारा असतो, तर चार-धावी गाडीचा खर्च विरळ पण मोठा असतो. मर्यादित मिळकतीच्या चालकास पहिला प्रकार सहसा पेलतो.

प्रदूषण : न जळलेले पेट्रोल व तेल बाहेर टाकणे हा दोन-धावी एंजिनाचा मूलभूत दोष आहे. अमेरिकेत २००२ मध्ये मनोरंजनार्थ वाहनांसाठी उत्सर्जनाचे नियम करण्यात आले. केवळ शर्यतीसाठी असलेल्या गाड्या त्यांतून वगळण्यात आल्या. म्हणजे मोटोक्रॉसमधून दोन-धावी गाडी मागे पडण्यास सरकारी बंदीपेक्षा स्पर्धेचे नियम व कंपन्यांचे धोरण अधिक कारणीभूत झाले. रस्त्यावरील वाहनांविषयीच्या कडक कायद्यांमुळे कंपन्यांचा ओढा चार-धावी तंत्राकडे वळला होता, हेही त्यामागे होते. केटीएमने २०१८ च्या श्रेणीपासून लांब पल्ल्याच्या एंडुरो गाड्यांत व २०२३ च्या श्रेणीपासून मोटोक्रॉस गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण योजून हा दोष कमी करण्याचा प्रयत्न केला.

भारत : भारतात शर्यतीसाठीच बनविलेल्या गाड्या आयात कराव्या लागत असल्याने त्या सामान्य चालकाच्या आवाक्याबाहेर राहिल्या. मातीवरील शर्यतींत १९८० नंतर दीर्घकाळ यामाहा आरएक्स १००, टीव्हीएस-सुझुकी शोगन यांसारख्या रस्त्यावरील दोन-धावी मोटारसायकली फेरफार करून वापरीत. हलके एंजिन, सहज मिळणारे सुटे भाग आणि गल्लोगल्ली असलेले जाणकार मिस्त्री यांमुळे हे शक्य झाले. १९९६ व २००० च्या प्रदूषण-मानकांनंतर या गाड्यांचे उत्पादन क्रमाने बंद पडले आणि हा स्वस्त मार्ग अरुंद झाला. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने २००७ मध्ये केटीएममध्ये भांडवली हिस्सा घेतला. २०२४ च्या अखेरीस केटीएम आर्थिक संकटात सापडल्यावर तिला सावरण्यासाठी २०२५ मध्ये बजाजने भांडवल पुरविले. दोन-धावी गाड्यांच्या एका प्रमुख जागतिक उत्पादकाचे भवितव्य अशा रीतीने महाराष्ट्रातील उद्योगाशी जोडले गेले आहे.

सद्यःस्थिती : जागतिक व अमेरिकी स्पर्धांच्या वरच्या वर्गांत चार-धावी गाड्यांचेच राज्य आहे. मुलांच्या ६५ व ८५ घ. सेंमी. वर्गांत आणि यूरोपीय १२५ घ. सेंमी. स्पर्धेत मात्र दोन-धावी गाड्या वापरतात. ऑस्ट्रियातील एर्झबर्ग रोडिओसारख्या अतिकठीण डोंगरी शर्यतींत ३०० घ. सेंमी. दोन-धावी गाडी विशेष पसंत केली जाते, कारण खडकांवरून गाडी उचलून न्यावी लागते तेथे वजन व साधेपणा यांनाच महत्त्व असते. अमेरिकेतील हौशी स्पर्धांत २५० घ. सेंमी. दोन-धावी गाडीस त्याच आकारमानाच्या चार-धावी गाडीबरोबर उतरण्याची मुभा देण्यात आली आहे. समान आकारमानाचे हे तत्त्व आरंभापासून पाळले गेले असते, तर दोन्ही एंजिने शर्यतीत शेजारी नांदली असती आणि तरुण चालकास आपल्या ऐपतीप्रमाणे निवड करता आली असती, असे दोन-धावी गाड्यांचे पुरस्कर्ते मानतात.