यादीतला तीरकामठा

1878चा शस्त्र कायदा म्हटला की लॉर्ड लिटन, निःशस्त्र केलेला देश आणि टिळकांपासून गांधींपर्यंत साऱ्यांनी उठवलेली टीकेची झोड आठवते. ते वाचकांना पाठ आहे. मला वर्षानुवर्षे छळत आली ती त्या कायद्यातली शस्त्रांची व्याख्या. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती अशी यादी पुढे सरकते आणि तोफेच्या जरा अलीकडे येतात धनुष्यबाण. ज्या कायद्याला तोफेची चिंता, त्याला बांबूच्या कामठ्याचीही चिंता वाटावी?

याचे उत्तर संथाळांच्या 1855च्या उठावात जितके आहे तितकेच आपल्या खानदेशात आहे, असे माझे मत झाले आहे. धुळे–सुरत महामार्गावरचे विसरवाडी घ्या. नवापूर तालुक्यातले हे गाव मावची, भिल्ल, कोकणी वस्तीच्या मुलखात येते. इथून खांडबाऱ्यावरून नंदुरबारला जाता येते आणि पश्चिमेला गुजरात फार लांब नाही. या पट्ट्यातला तीरकामठा नीट पाहावा. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूचीच, तासून पातळ केलेली चिवट कामटी. सुताची किंवा चामड्याची दोर लागत नाही. हत्यार तुटले तर रानात शिरायचे आणि नवे करायचे. कारखाना नाही, दुकान नाही, दारूगोळा नाही. असे हत्यार कोणत्या सरकारला जप्त करून संपवता येईल?

म्हणूनच की काय, इंग्रजांनी आधी दुसराच मार्ग धरला. 1825मध्ये जेम्स आउट्रॅमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. ज्यांच्या मागे फौजा धावत होत्या त्यांच्यातल्याच माणसांना पगार, गणवेश आणि सरकारी बंदूक मिळाली. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईकही काही काळ असाच सरकारी चाकरीतला. 1857मध्ये तो उलटला आणि 11 एप्रिल 1858ला आंबापाणीची लढाई झाली. त्यानंतर वीस वर्षांनी धनुष्य यादीत आले. या यादीतून कोणाला सूट द्यायची ते सरकार अधिसूचनेने ठरवणार होते. म्हणजे कामठा हातात राहिला तरी तो सरकारच्या मेहेरबानीवर. युरोपियनांना मात्र बंदुकीसाठीही परवान्याची अट नव्हती.

काँग्रेसने 1931च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या चौकटीत का होईना, मूलभूत हक्कांमध्ये घेतला तो याच अपमानाच्या पोटी. पुढे डिसेंबर 1948च्या पहिल्या दोन दिवसांत संविधान सभेत आजच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा ह. वि. कामत यांनी तोच हक्क दुरुस्तीच्या रूपाने मांडला. बाबासाहेबांनी तो स्पष्ट शब्दांत नाकारला. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार घेता आले तर राज्य चालायचे कसे, हा त्यांचा सवाल होता. शस्त्र उचलणे हे संकटकाळी नागरिकाचे कर्तव्य असू शकते, हक्क नव्हे, ही त्यांची भूमिका. अमेरिकेने 1791मध्ये दुसऱ्या घटनादुरुस्तीने उलटा रस्ता धरला आणि त्याची किंमत ती आजही मोजते आहे. ऑस्ट्रेलियाने 1996मध्ये पोर्ट आर्थरला पस्तीस माणसे मारली गेल्यावर काही लाख बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. बंदुकीपुरते बाबासाहेब बरोबर होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पण त्याच चर्चेत आणखी एक माणूस बोलला आणि त्याचे बोलणे आपण विसरलो. जयपाल सिंग मुंडा. 1928च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमधल्या हॉकी संघाचे कर्णधार, संविधान सभेतला आदिवासींचा आवाज. ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमण्याच्या हक्कातला ‘विनाशस्त्र’ हा भाग त्यांना खुपत होता. धनुष्यबाण, कुऱ्हाड, लाठी घेऊन आदिवासी निघाले की ते दंगलीची तयारी करताहेत असा कांगावा होतो आणि शस्त्र कायदा त्यांच्यावर चालवला जातो, ही त्यांची तक्रार. युगानुयुगे ते असेच वावरत आले आहेत, हे त्यांनी सभेला सांगितले. दाखला दिला तो उराँव स्त्रियांच्या जनी शिकारीचा: दर सात वर्षांनी पुरुषी वेश करून, हत्यारे घेऊन त्या रानात उतरतात. हे सगळे भाषण मी पुन्हा पुन्हा वाचतो. ते बंदूक मागत नव्हते. जे हातात आहे ते गुन्हा ठरू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

संविधानाने शिखांच्या कृपाणाला पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात जागा दिली. योग्यच केले. कोडगूच्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्राने 2019मध्ये ती 2029पर्यंत वाढवली आणि 2021मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तीरकामठ्याच्या वाट्याला संविधानात असे एकही स्पष्टीकरण आले नाही.

1959च्या शस्त्र कायद्यातून धनुष्यबाणाचा उल्लेख गेला, आणि केंद्राने एखाद्या भागापुरती अधिसूचना काढल्याशिवाय अशा हत्यारांना परवाना लागत नाही. पण 1951च्या पोलीस कायद्याचे सदतिसावे कलम आहे. सण, निवडणूक, मोर्चा आला की त्याखाली आदेश निघू शकतो: तलवारी, भाले, बंदुका, सोटे, काठ्या आणि इजा करू शकेल अशी कोणतीही वस्तू बाळगायला मनाई. या शेवटच्या ‘कोणतीही’मध्ये कामठा आपसूक येतो. होळीला तीरकामठा घेऊन नाचणारा माणूस मग त्या दिवशी ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर असतो. शांतता राखण्याची गरज मला मान्य आहे, आणि मारामारीत बाण सुटला तर जीव जातो हेही. पण सणातला कामठा आणि भांडणात ताणलेला कामठा यांतला फरक आदेशात लिहिता येतो. कोडवांसाठी तो दिल्लीत बसून लिहिला गेला. नंदुरबार जिल्ह्याच्या मनाई आदेशात तेवढी एक ओळ घालायला संसदेचीही गरज नाही. आदेश काढणाऱ्याची सही पुरे.