पाऊणशे वर्षांची कॉट

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं, तेव्हा परगावची मुलं या शहरात येऊन शिकण्याला बराच काळ लोटला होता. अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात १८५४ची, फर्ग्युसन १८८५चं, सर परशुरामभाऊ १९१६चं. मुलं राहायची नातेवाइकांकडे, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीनं एखाद्या वाड्यात. गरिबाघरची असली तर वार लावून जेवायची. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं आणि तिथल्या मुलांनी माधुकरी मागून शिक्षण पुरं केलं. त्याच काळात, १९०१पासून, कोल्हापुरात शाहू महाराज एकामागून एक बोर्डिंगं उभी करत होते : मराठा, जैन, मुस्लिम, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. छप्पर आणि भाकरी हा शिक्षणाचाच भाग आहे, हे या दोघांना पक्कं ठाऊक होतं. पुण्यानं कॉलेजं काढली, वसतिगृहंही थोडीफार बांधली. पण बहुतेकांच्या राहण्याचं काय, हे घरमालकांवर सोडून दिलं. तेव्हापासून ते तिथेच सोडलेलं आहे.

पेठांमधले वाडे विद्यार्थ्यांना उघडे झाले त्याला कारण निव्वळ माया नव्हतं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुन्या बिऱ्हाडकरूंची भाडी गोठली. महागाई वाढत गेली आणि वाड्याच्या मालकाला भाडं मात्र जुन्या दरानंच मिळत राहिलं. कौलं बदलायचे पैसे नाहीत, बिऱ्हाडकरू हलत नाहीत. अशा मालकाला माडीवरची रिकामी खोली विद्यार्थ्यांना देणं हाच वाढत्या उत्पन्नाचा मार्ग उरला. त्यात १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांमधले कित्येक वाडे पडले, जे उभे राहिले त्यांच्या भिंती ओल धरून राहिल्या. पूरग्रस्तांची घरं शहराच्या कडेला गेली. पेठेतल्या उरल्यासुरल्या खोल्यांना मागणी वाढली.

मग आलं १९७३. राज्य सरकारनं कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ला जे लोक लीव्ह अँड लायसन्सवर राहत होते त्यांना थेट भाडेकरूचा दर्जा दिला. एका रात्रीत हजारो लोकांना घर मिळालं, हे खरं. पण मालकांच्या मनात जी भीती बसली ती पुढे कित्येक वर्षं गेली नाही. या दुरुस्तीतून पेइंग गेस्ट वगळलेला होता, म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग वापरणारा माणूस. माझ्या मते पुण्यातल्या ‘कॉट बेसिस’ला बळ मिळालं ते इथूनच. खोली द्यायचीच नाही, खोलीतली खाट द्यायची. खाटेवर कुणाचा कब्जा सिद्ध होतो? मालकाची किल्ली मालकाकडे, आणि मुलगा कधीही बाहेर काढता येईल असा.

मी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मराठवाड्यातून आलो तो अशाच एका खाटेवर. नारायण पेठेतला वाडा, अंधारा जिना, धरायला दोर. वरच्या खोलीत चार लोखंडी कॉट, प्रत्येक कॉटखाली एक ट्रंक, भिंतीत प्रत्येकाच्या वाट्याला दोन खिळे. एक दिवा, तोही खोलीच्या मधोमध. भिंतीकडच्या मुलाच्या पुस्तकावर त्याचीच सावली पडायची. दहाला दिवा बंद. शेगडी, हीटर, इस्त्री सक्त मना. पाणी सकाळी थोडा वेळ, संडास सगळ्या वाड्याला मिळून. आंघोळीचं गरम पाणी हवं असेल तर बंबाच्या जळणाचे पैसे वेगळे. जेवण मेसमध्ये, महिन्याचं कार्ड, रविवारी संध्याकाळी खाडा. गावाकडून येणारी एस.टी. डबा घेऊन यायची तो दिवस सणाचा. मालकीणबाई कडक होत्या. परीक्षेच्या दिवसांत मात्र दहाच्या नियमाकडे त्या काणाडोळा करायच्या, आणि मला ताप भरला तेव्हा मऊ भात त्यांनीच आणून दिला. हे सगळं मी गोड करून सांगत नाही. त्या खोलीत खिडकी एकच होती आणि पावसाळ्यात अंथरूण वाळत नसे. पण भाडं शेतकऱ्याच्या मुलाला झेपणारं होतं.

खाटेच्या पलीकडे जाऊन विचार करणारी माणसंही याच शहरात झाली. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातल्या गरीब मुलामुलींना अल्प खर्चात राहणं-जेवण, सोबत कामाची सवय. ती आजही उभी आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असलेल्या डॉ. शां. ब. मुजुमदारांना एकदा एक मुलगी मुलांच्या खोलीच्या खिडकीतून जेवण देताना दिसली. चौकशी केली तर आतला मुलगा मॉरिशसचा, कावीळ झालेला, जवळचं कुणीच नाही. त्यातून १९७१ साली सिंबायोसिसची स्थापना झाली. परदेशी मुलांचं इथलं एकाकीपण हे त्या संस्थेचं मूळ. शिकायला आलेला माणूस आजारीही पडतो, हे कुणीतरी पाहिलं म्हणून संस्था निघाली.

१९८३पासून सगळा आकारच बदलला. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कोथरूड, कात्रज, आकुर्डी, पुढे वडगाव, आंबेगाव, लोहगाव. जिथे माळ होता तिथे कॉलेज आलं आणि कॉलेजमागे बांधकाम. वाड्यातली खाट फ्लॅटमध्ये गेली. प्रवेशाच्या कॅप राउंडच्या दिवसांत बाप हातात फाइल आणि आई खांद्याला पिशवी घेऊन एजंटाच्या स्कूटरमागे रिक्षानं फिरताना दिसू लागली. एका महिन्याचं भाडं दलाली, दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, वर गादी, बादली, कुलूप. पहिल्या वर्षाच्या फीची जुळवाजुळव करून आलेल्या कुटुंबाला हा दुसरा डोंगर. विजेच्या खांबांवर कागद : ‘मुलींसाठी कॉट उपलब्ध’, खाली फोननंबरच्या पट्ट्या कापलेल्या, अर्ध्या फाडून नेलेल्या.

या खांबांवर न लिहिलेल्या अटी दारात कळायच्या. आडनाव काय? गाव कुठलं? मटण-मासे खाता का? या तीन प्रश्नांत जात, धर्म सगळं तपासून व्हायचं. दलित मुलाला ‘खोली कालच गेली’, मुसलमान मुलाला ‘सोसायटी परवानगी देत नाही’. सगळे मालक असे नव्हते. पण ज्याला तीन दारांतून परत जावं लागलं त्याला चौथ्या दाराचं कौतुक काय सांगायचं? माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलानं शेवटी मित्राच्या आडनावावर खोली घेतली आणि दोन वर्षं पत्रंसुद्धा कॉलेजच्या पत्त्यावर मागवली. शाहूंच्या बोर्डिंगांना शंभर वर्षं होत आली असताना पुण्यात हे चाललं होतं, आणि आजही थांबलेलं नाही. मुलींच्या वाट्याला आणखी वेगळं. संध्याकाळी ठरावीक वेळेच्या आत परत, कुठे गेली होतीस, भाऊ खरंच भाऊ आहे का. लॅब उशिरा सुटली तर उत्तर तिनं द्यायचं.

भाडेनियंत्रणाचा कायदा १९९९ साली नव्यानं आला, ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यातलं कलम ५५ प्रत्येक पालकानं वाचावं असं आहे. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो; वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चूक आहे. २०१०मध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाल्यावर पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याची सक्ती वाढली, पुढे नोंदणी ऑनलाइन झाली, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येऊ लागला. कागद सुधारले. तराजू मात्र कललेलाच राहिला. मुदत संपली आणि मुलगा निघाला नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट जाता येतं, दुप्पट दरानं भरपाई मागता येते. मुलाचं डिपॉझिट अडकलं तर त्यानं कोर्टाची पायरी चढायची. ‘रंगकाम’, ‘साफसफाई’, ‘गीझर दुरुस्ती’ अशी यादी हातात पडते आणि निम्मी रक्कम जाते. नोकरी दुसऱ्या शहरात लागलेली असते, गाडीचं तिकीट काढलेलं असतं. कोण भांडत बसणार?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सदाशिव आणि नवी पेठेत एक वेगळीच वस्ती वाढली. ही मुलं कुठल्याच कॉलेजच्या हजेरीपटावर नाहीत. एमपीएससी, यूपीएससीची तयारी करणारी, सकाळी अभ्यासिकेत, रात्री खाटेवर. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि ती मिळेल त्या वाहनानं गावी गेली. खोलीत पुस्तकं, नोट्स, गॅसचा छोटा सिलिंडर. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं मालकांना सांगितलं, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, कुणाला घराबाहेर काढू नका. काही मालकांनी भाडं माफ केलं, त्यांचं ऋण मुलं अजून मानतात. काहींनी फोनवर तगादा लावला आणि थकबाकी दिल्याशिवाय पुस्तकं देणार नाही म्हणून सांगितलं. स्पर्धा परीक्षेच्या मुलाकडून त्याच्या नोट्स अडवून ठेवणं याला मी क्रौर्यच म्हणेन. ११ मार्च २०२१ला, एमपीएससीच्या परीक्षेला तीन दिवस उरले असताना, ती पुढे ढकलल्याची बातमी आली आणि नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर मुलांनी ठिय्या दिला. लोकांना त्या दिवशी परीक्षेचा राग दिसला. आणखी एका महिन्याचं भाडं कुठून आणायचं, हीही त्या रागामागची एक गोष्ट होती.

आता विमाननगर, बाणेर, हिंजवडीकडे कंपन्यांची वसतिगृहं आहेत. बोटाच्या ठशानं दार उघडतं, वायफाय, धुलाई, ट्रिपल शेअरिंग, सहा महिन्यांचा लॉक-इन. सोयी चांगल्या आहेत, सुरक्षितता आहे. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर राहावं. जुलै २०२२नंतर अशा निवासावर १२ टक्के जीएसटीचा प्रश्न उभा राहिला. जून २०२४मध्ये जीएसटी परिषदेनं दरमहा २० हजारांपर्यंतचं, सलग नव्वद दिवसांहून कमी नसलेलं वास्तव्य करातून वगळलं. हा निर्णय स्वागतार्हच. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, जानेवारी २०२५मध्ये दूषित पाण्याशी जोडलेला गिया बारे (जीबीएस) आजार पसरला तेव्हा नांदेड गाव, किरकटवाडीत भाड्यानं राहणाऱ्या मुलांच्या पाण्याची काळजी कुणाकडे होती?

सरकारनं २०२४मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. मोठं काम झालं. पण जालन्याहून येणाऱ्या त्या मुलीला खोली कोण देणार? सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना निघाली, तेव्हा पुण्यासारख्या शहराला निवासभत्ता वर्षाला २० हजार ठरला. बारा महिन्यांत वाटला तर महिन्याला सतराशेही होत नाहीत. त्यात आज पेठेतली कॉटसुद्धा मिळत नाही. आणि पैसे बऱ्याचदा सत्र संपताना जमा होतात, भाडं मात्र पाच तारखेला द्यावं लागतं. तमिळनाडूनं २०१४ साली महिला आणि बालकांच्या खासगी वसतिगृहांना नोंदणी आणि नियम लावणारा कायदा केला. महाराष्ट्राला ते जमणार नाही असं नाही. भत्ता भाड्याच्या दराशी बांधा, तो सत्राच्या सुरुवातीला द्या, खासगी वसतिगृहांची नोंदणी करा, डिपॉझिटच्या तक्रारी महिन्याभरात निकाली काढणारा अधिकारी नेमा. यातली एकही मागणी आवाक्याबाहेरची नाही.

आणि जे या शहरात घर बाळगून आहेत त्यांना एक विनंती. जून आला की सोसायटीच्या सभेत ‘विद्यार्थ्यांना फ्लॅट देऊ नये’ असा ठराव येतो. या वर्षी तो आला तर विरोधात हात वर करा. आणि खोली दाखवताना आडनाव विचारू नका.