धर्मगुरूविना सव्वादोनशे वर्षे

ख्रिस्ती धर्मात प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणे. बोलणे म्हटले की त्यात आभार आले, मागणे आले, तसा रुसवाही आला. बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. देव कुठे लपला, शत्रू माजले तरी तो गप्प का, आणखी किती दिवस हे सोसायचे, असे सवाल त्यांत उघडपणे केलेले आहेत. बहुतेक विलापस्तोत्रांना शेवटी आशेचे वळण मिळते. ८८व्या स्तोत्राला तेही मिळत नाही, ते अंधारातच संपते. पोरे-बाळे, गुरे-ढोरे गमावून अंगावर गळवे आलेला ईयोब तर देवाकडे थेट जाबच मागतो. खुद्द येशूने अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत हे दुःख टळावे अशी विनवणी केली आणि मगच पित्याची इच्छा पत्करली. क्रुसावर त्याच्या तोंडी आले ते २२व्या स्तोत्राच्या आरंभीचे, देवाने टाकून दिल्याचे आक्रंदन. विठ्ठलाला शिव्याशाप देणारी जनाबाई आणि त्याच्याशी हुज्जत घालणारे तुकोबा ज्यांच्या कानावरून गेले आहेत, त्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये.

या प्रार्थनेची गल्लत नवसाशी फार सहज होते. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहिली जातात, त्यात ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. मागण्याला चर्चची ना नाही. रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवले. हरकत आहे ती सौद्याला. मी एवढे करीन, मग तू तेवढे कर, असा करार मांडला की देव हा पिता न राहता गिऱ्हाईक होतो. देवावर विसंबणे याचा ख्रिस्ती अर्थ असा की मागणे मोकळेपणाने मागावे, निकाल त्याच्यावर सोडावा आणि मधल्या काळात आपल्या हातचे काम टाकू नये. मात्र हे विसंबणे प्रामाणिक असायचे तर आपले दुःख सांगून भागत नाही, आपला कमकुवतपणाही सांगावा लागतो. ही दुसरी गोष्ट जड जाते. ती पिढ्यानपिढ्या कशी निभावली गेली, याचा जपानइतका ठळक दाखला ख्रिस्ती इतिहासात क्वचितच मिळेल.

जपानमधल्या ख्रिस्ती धर्माची एक नाळ गोव्याशी जुळलेली आहे. अंजिरो नावाच्या जपानी माणसाला १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा मिळाला, आणि त्यालाच बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. पुढच्या साठेक वर्षांत जपानी ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली असा अंदाज आहे. त्यात सरदार होते, पण मुख्य भरणा क्युशू बेटावरच्या शेतकरी-कोळ्यांचा होता.

दुसरी नाळ वसईची. तिथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे पोर्तुगीज बाप आणि भारतीय आई यांचे चिरंजीव. तरुणपणी ते जपानमध्ये व्यापारात होते, जपानी अस्खलित बोलत. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि १५९३ मध्ये दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याची मर्जी फिरली तेव्हा पकडलेल्या माणसांत तेही होते. कानाच्या पाळ्या कापून, भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत पायी चालवून २६ जणांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवण्यात आले. त्यांच्यात बारा वर्षांचा एक मुलगाही होता. १८६२ मध्ये या सव्वीसही जणांना संतपद मिळाले. वसईत गार्सियांच्या नावाचे चर्च आहे आणि कॉलेजही.

हुतात्म्यांच्या कथा लिहिल्या जातात, त्यांची चर्चे उभी राहतात. पण छळाच्या काळात बहुतेक माणसे हुतात्मा होत नाहीत. ती घाबरतात, सही करतात आणि घरी जातात. जपानी ख्रिस्ती प्रार्थनेचा खरा इतिहास या दुसऱ्या माणसांचा आहे.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने सगळ्या देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. मिशनऱ्यांना हाकलले, जे लपले त्यांना हुडकून मारले. प्रत्येक कुटुंबाने कुठल्या ना कुठल्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचे, असा नियम झाला. ख्रिस्ती शेतकऱ्यांनी केलेले शिमाबाराचे बंड १६३८ मध्ये चिरडल्यावर पहारा आणखी कडक झाला आणि देशात उरलेला शेवटचा धर्मगुरू, कोनिशी मान्शो, १६४४ मध्ये मारला गेला. कॅथलिक परंपरेत ही साधी अडचण नव्हती. पापाची कबुली ऐकून क्षमा उच्चारायची ती धर्मगुरूने. तोच नाही म्हटल्यावर क्षमेची वाटच बंद.

आणि पाप तर दरवर्षी व्हायचे. नागासाकीत नव्या वर्षाच्या सुरुवातीला अधिकारी घरोघर, गावोगाव फिरत. जमिनीवर येशूची किंवा मरियेची उठावदार प्रतिमा ठेवलेली असे, आणि घरातल्या प्रत्येकाने तिच्यावर पाय ठेवायचा. तान्ह्या मुलाचाही पाय आईने टेकवायचा. या प्रतिमांना फुमिए म्हणत. सुरुवातीला त्या कागदाच्या किंवा लाकडी चौकटीत बसवलेल्या होत्या. त्या झिजल्या-फाटल्या म्हणून १६६९ मध्ये धातूच्या ओतून घेतल्या. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या आज जपलेल्या आहेत. त्यांच्यावरचे चेहरे इतके गुळगुळीत झाले आहेत की नाक-डोळे सांगता येत नाहीत. हजारो पायांनी ते घासले गेले, आणि त्यांतले कितीतरी पाय मनोमन त्या चेहऱ्याला शरण गेलेल्या माणसांचे होते.

अशा माणसांच्या हाती एक पुस्तिका होती: ‘कोन्चिरिसान नो र्‍याकु’, म्हणजे पश्चात्तापाविषयी थोडक्यात. ती १६०३ मध्ये तयार झाली, म्हणजे सरसकट बंदीच्या आधी. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची चाहूल मिशनऱ्यांना लागली असावी. धर्मगुरू मिळत नसेल तर माणसाने काय करायचे, हा तिचा विषय. तिचे उत्तर असे: नरकाच्या भीतीने नाही, तर ज्याने प्रेम केले त्याला दुखावल्याच्या खंतीने मनापासून पश्चात्ताप करावा, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करावा, आणि धर्मगुरू भेटेल तेव्हा कबुली देण्याचा इरादा ठेवावा; देव तेवढ्यावर क्षमा करतो. ही शिकवण जपानसाठी मुद्दाम बनवलेली सवलत नव्हती. त्रेंतच्या धर्मसभेने सोळाव्या शतकात तीच मांडली होती. पण युरोपात जी तळटीप होती, ती नागासाकीत जगण्याचा आधार झाली. लोकांनी तिच्या हाताने नकला केल्या, तिच्यातली प्रार्थना तोंडपाठ केली. प्रतिमा तुडवून यायचे आणि घरी दार लावून ती प्रार्थना म्हणायची, असे वर्षामागून वर्ष चालले.

याला कोणी ढोंग म्हणेल. दरसाल तेच पाप आणि दरसाल तोच पश्चात्ताप, यात निश्चय कसला, ही शंका बिनबुडाची नाही. पण या लोकांनी आपल्या भित्रेपणाला चांगले नाव दिले नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. पाय ठेवला ते शहाणपण होते किंवा देवाला ते चालते, असे ते प्रार्थनेत म्हणत नव्हते. चुकलो, असेच म्हणत होते. एन्दो शुसाकु यांच्या १९६६ सालच्या ‘चिन्मोकु’ या कादंबरीचा गाभा हाच आहे. ती निघाली तेव्हा जपानमधल्या अनेक कॅथलिकांना रुचली नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे: धर्म सोडणाऱ्याच्या जागी उभे राहून देवाकडे पाहणे कोणालाच सोयीचे नसते.

बाकीची व्यवस्था गावकऱ्यांनीच बसवली. नागासाकीजवळच्या उराकामी गावात चोकाता नावाचा प्रमुख सणांचे पंचांग सांभाळी, मिझुकाता बाप्तिस्मा देई आणि किकियाकु निरोप घरोघर पोचवी. बाप्तिस्मा अडीअडचणीला कोणीही देऊ शकतो, हे मिशनऱ्यांनी आधीच शिकवून ठेवले होते. कानॉन या बौद्ध देवतेची मूर्ती मरिया म्हणून पुजली जाई. प्रार्थनांना ओराशो म्हणत. लॅटिन ‘ओरातिओ’चा तो अपभ्रंश. एका पिढीकडून दुसरीकडे तोंडी जाता जाता लॅटिन शब्दांचा अर्थ हरवला, उच्चार घासले, पण ठेका टिकला. इकित्सुकी बेटावर ओराशो आजही गायिला जातो. अर्थ पुरता ठाऊक नाही, तरी म्हणायचे. ज्यांनी संस्कृत स्तोत्रे आजीच्या मागोमाग पाठ केली, त्यांना यात नवल वाटणार नाही.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे पंधराएक गावकरी आले. हे चर्च फ्रेंच रहिवाशांसाठी बांधलेले होते. गावकऱ्यांतल्या एका बाईने तिथल्या फादर पेतीजाँ यांच्या कानाशी सांगितले की आमचे आणि तुमचे मन एकच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. १८६७ मध्ये धरपकड झाली. ताकागी सेनेमोन वगळता पकडलेल्यांतल्या बहुतेकांनी छळापुढे हार मानून धर्म सोडल्याचे कबूल केले. ते घरी परतले आणि काही दिवसांतच सरकारदरबारी जाऊन कबुली परत घेऊ लागले. आम्ही घाबरून खोटे बोललो, असे सांगायला ते स्वतःच्या पायांनी गेले. नंतर अख्खे गाव, ३,३९४ माणसे, देशभर विखरून हद्दपार करण्यात आले. सहाशेहून अधिक परत आली नाहीत. परदेशी सरकारांचा दबाव वाढल्यावर १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. परतलेल्या गावकऱ्यांनी पुढे चर्चसाठी जागा विकत घेतली ती गावच्या मुखियाच्या वाड्याची, जिथे पूर्वी फुमिए तुडवावी लागे.

त्या जागेवर उभे राहिलेले उराकामीचे कॅथेड्रल ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबस्फोटाच्या केंद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होते. तिथल्या सुमारे १२,००० ख्रिस्ती लोकांपैकी ८,५०० च्या आसपास मेले. क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. नागाई ताकाशी यांना ल्युकेमिया झाल्याचे स्फोटाच्या दोन महिने आधीच कळले होते. घराच्या राखेत त्यांना पत्नी मिदोरी यांची हाडे सापडली आणि जवळच जपमाळ. मिदोरी चोकातांच्या घराण्यातल्या. २३ नोव्हेंबरच्या सामुदायिक शोकप्रार्थनेत नागाईंनी उराकामीला देवाने निवडलेल्या निष्कलंक अर्पणाची उपमा दिली. घरेदारे गेलेल्या श्रोत्यांना तिने धीर दिला, यात शंका नाही. पण पुढे तिच्यावर टीका झाली आणि ती रास्त होती: बाँब टाकणारी आणि युद्ध लांबवणारी माणसे या उपमेत दिसेनाशी होतात. १९८१ मध्ये हिरोशिमात पोप जॉन पॉल दुसरे यांनी युद्ध ही माणसाची करणी आहे, असे ठणकावून सांगितले, तेव्हा हिबाकुशा म्हणजे बाँबपीडित कॅथलिकांपैकी अनेकांच्या मनावरचा भार उतरला. दुःखाला घाईने अर्थ देणे हाही प्रार्थनेतला एक अप्रामाणिकपणा असू शकतो, आणि तो भल्या माणसांकडूनच जास्त होतो.

दुःखाला अर्थ देण्याचा हा प्रश्न ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर पुन्हा उभा राहिला. तोक्योला लागून असलेल्या उरायासु शहराचा सुमारे पाऊण भाग समुद्र बुजवून केलेला आहे. भूकंपाचे केंद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर असूनही भरावाची जमीन पातळ झाली, रस्त्यांतून चिखल उसळला, घरे कलली, मैलापाण्याचे नळ तुटले आणि लोकांना कित्येक दिवस फिरत्या संडासांवर भागवावे लागले. कोळ्यांची जुनी वस्ती असलेला, मूळच्या जमिनीवरचा भाग मात्र त्यातून बहुतांशी वाचला. इथे कारण नकाशावर दिसत होते. उत्तरेकडे त्सुनामीत हजारो माणसे गेली त्याचे मात्र काय, असा प्रश्न लोकांना पडला. तोक्योचे तेव्हाचे राज्यपाल इशिहारा शिंतारो यांनी तो दैवी दंड म्हटला आणि दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. २२ एप्रिलला, शुभ शुक्रवारी, इटालियन दूरचित्रवाणीवर सात वर्षांच्या एका जपानी मुलीने पोप बेनेडिक्ट सोळावे यांना विचारले की मुलांना एवढी भीती आणि दुःख का भोगावे लागते. हाच प्रश्न मलाही पडतो आणि आपल्याकडे त्याचे उत्तर नाही, असे त्यांनी सांगितले. येशूनेही निरपराध असून सोसले, एवढेच आपण जाणतो, ही त्यांनी पुढे घातलेली भर. गाद्यागिर्द्यांवर बसून दंडाचा निवाडा देण्यापेक्षा हे उत्तर ईयोबाच्या ग्रंथाला जास्त धरून आहे.

जपानमध्ये ख्रिस्ती लोक आज लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास आहेत. तरी २०११ च्या आपत्तीनंतर तिथल्या कॅथलिक चर्चने ईशान्य किनाऱ्यावर स्वयंसेवकांचे तळ उघडले, चिखल उपसण्यापासून तात्पुरत्या घरांतल्या म्हाताऱ्यांबरोबर चहा घेत बसण्यापर्यंतची कामे केली, आणि सगळ्या धर्मप्रांतांनी मिळून चालवलेले हे मदतकार्य १० वर्षे चालून मार्च २०२१ मध्ये संपले.