उपग्रह-आकाशकाचे पूर्वगणित अनुसरण

कृत्रिम उपग्रह कोणत्या क्षणी आकाशात कोठे असेल, हे त्याच्या कक्षेवरून अगोदर गणिताने काढून त्या स्थानांच्या क्रमाने जमिनीवरील आकाशक, म्हणजे अँटेना, फिरवीत नेण्याच्या पद्धतीस पूर्वगणित अनुसरण म्हणतात. उपग्रहाकडून येणाऱ्या संदेशाचाच माग काढणाऱ्या स्वयंअनुसरणाहून ही पद्धत भिन्न आहे. येथे आकाशक उपग्रहाला शोधत नाही. तो वेळापत्रकाप्रमाणे चालतो. वेळापत्रक चुकले, तर संदेश हातचा जातो.

तबकडीसारख्या आकाशकाच्या शलाकेची रुंदी (अंशांत) सामान्यतः तरंगलांबीला तबकडीच्या व्यासाने भागून ७० ने गुणल्यास मिळते. २६ मी. व्यासाची तबकडी व ७ सेंमी. तरंगलांबी घेतल्यास ही रुंदी सु. ०·२ अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनही कमी येते. इतक्या अरुंद शलाकेत धावता उपग्रह धरून ठेवावा लागतो.

या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील गूनहिली येथील केंद्राचे होय. १० जुलै १९६२ रोजी टेलस्टार उपग्रह सोडण्यात आला. त्याची प्रदक्षिणा सु. १५८ मिनिटांची होती आणि अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून तो एका वेळी सु. २० मिनिटेच एकत्र दिसे. अँडोव्हर (अमेरिका) व प्लमर-बोडू (फ्रान्स) येथील शिंगाकार आकाशकांना स्वयंअनुसरणाची जोड होती. गूनहिलीच्या तबकडीचा भर मात्र अमेरिकेतून मिळालेल्या कक्षेच्या माहितीवर होता. तीवरून संगणकाने तयार केलेली छिद्रित कागदी फीत शेकडो टन वजनाची ती तबकडी वळवीत असे. पहिल्या रात्री तेथे चित्र फारच अस्पष्ट आले. तथापि दोष अनुसरणाचा नव्हता. तरंगांच्या ध्रुवणाची दिशा ठरविताना उलट अर्थ घेतला गेला होता. ती दुरुस्ती होताच चित्रे स्वच्छ दिसू लागली.

गणिताचा आरंभ कक्षेच्या मूलघटकांपासून होतो. पृथ्वीचा ध्रुवांकडील चपटेपणा व वातावरणाचा रोध यांमुळे कक्षा सतत बदलते, म्हणून हे घटक वरचेवर नवे घ्यावे लागतात. सूर्य प्रक्षुब्ध असताना उच्च वातावरण फुगते आणि काही दिवसांपूर्वीचे घटकही निरुपयोगी ठरू शकतात. उपग्रहाचे स्थान मिळाल्यावर पृथ्वीचे परिवलन लक्षात घेऊन केंद्रापासूनचे दिगंश व उन्नतांश ठराविक कालांतराने काढतात. मधली मूल्ये अंतर्वेशनाने मिळतात. यांत प्रणमनाची दुरुस्ती करावी लागते. क्षितिजापाशी ती सु. अर्धा अंश, म्हणजे शलाकेच्या दुपटीहून अधिक असते. आसांचा तिरपेपणा व तबकडीचे स्वतःच्या भाराने वाकणे हे दोषही सूर्य किंवा ज्ञात रेडिओ-उद्‌गमांकडे आकाशक रोखून मोजतात व कोष्टकात समाविष्ट करतात. घड्याळाचे महत्त्व तर विशेषच आहे. ८०० किमी. उंचीवरील उपग्रह डोक्यावरून जाताना सेकंदाला सु. अर्धा अंश सरकतो; त्यामुळे घड्याळ एक सेकंद चुकल्यास तो शलाकेबाहेर गेलेला असतो.

यांत्रिक अडचण ख-स्वस्तिकाजवळ येते. तेथे दिगंश इतक्या झपाट्याने बदलतो की, ८५ अंश उन्नतांशावर आकाशकास उभ्या आसाभोवती उपग्रहाच्या कोनीय वेगाच्या अकरापटींहून अधिक वेगाने वळावे लागते. मार्ग अगोदर माहीत असल्याने आकाशक थोडा आधीच वळवून ठेवता येतो. केबलींना पीळ पडू नये म्हणून कोणत्या बाजूने फिरावयाचे, तेही आधी ठरविता येते. काही केंद्रांत आसांची मांडणीच निराळी करून अडचण क्षितिजाकडे ढकलतात.

भूस्थिर उपग्रहाची उत्तर-दक्षिण दुरुस्ती इंधन वाचविण्यासाठी थांबविल्यास त्याच्या कक्षेचा कल आरंभी दर वर्षी एक अंशास थोडा कमी इतका वाढतो आणि तो आकाशात रोज इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आकृती काढतो. अशा संथ गतीस पूर्वगणित कोष्टक चांगले पुरते.

व्यवहारात बहुधा दोन्ही पद्धती जोडतात : उपग्रह उगवताना पूर्वगणित, संदेश मिळताच स्वयंअनुसरण. संदेश अतिक्षीण असल्यास मात्र गणिताखेरीज आधार नसतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाच्या ४५ मी. व्यासाच्या तबकड्यांनी १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या स्कियापारेल्ली यानाचे संदेश सु. १७·५ कोटी किमी. अंतरावरून टिपले, उतरण्यापूर्वी थोडा वेळ ते बंद पडले, हेही तेथेच दिसून आले.